बालेवाडीच्या आधीं

पिंपरी-चिंचवडच्या दक्षिण सीमेलगत, मुळेच्या कांठीं, बालेवाडीचें क्रीडासंकुल आहे. १९९४ चे राष्ट्रीय खेळ, २००८ चे राष्ट्रकुल युवक सामने व २०१३ च्या जुलैंतील आशियाई मैदानी सामने येथें झाले. तेव्हांपासून पुणें हें धांवपटूंचें शहर झालें, असें पुष्कळ समजतात. आम्हांस हें मान्य नाहीं. त्याचें मूळ १९१९ सालांत आहे.

त्या वर्षीं डेक्कन जिमखान्यानें पुण्यास शर्यती भरविल्या. संस्थेचे अध्यक्ष दोराबजी टाटा. लांब पल्ल्याच्या शर्यतींत खेड्यांतले शेतकरी अनवाणी धांवले. शास्त्रोक्त शिक्षण त्यांस ठाऊकच नव्हतें. तरी त्यांचा वेग यूरोपांतील धांवपटूंच्या जवळपास जातो, हें दोराबजींनीं हेरलें. (खेडुत धांवला यांत नवल तें काय, असें म्हणणारेच अधिक निघाले असते!) शहराच्या कीर्तीचा आरंभ आमच्या मतें या नजरेंत आहे, धांवमार्गांत नव्हे. भोसरी-चाकणकडील कितीतरी शेतांवर आज कारखाने उभे आहेत. तेथल्या मुलांच्या पायांकडे तशा नजरेनें कोण पाहतो, हें विचारणें आम्हांस अप्रस्तुत वाटत नाहीं.

पुढें दोराबजींच्या खटपटीनें १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकास हिंदी मंडळी गेली. बेळगांवचे फडेप्पा चौगुले यांनीं पावणेत्रेचाळीस किलोमीटरांची मॅरेथॉन २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत संपवून १९ वा क्रमांक मिळविला. साताऱ्याचे सदाशिव दातार यांस मात्र ती पुरी करतां आली नाहीं.