राखेचा माग

२५ नोव्हेंबर २०२५ची सकाळ. नागपूरच्या जरीपटक्यात आमच्या शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालायची तयारी चालली होती. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं इथं येऊन वसली, आणि गच्चीवरचे पापड ही या वस्तीची ओळख झाली. शेजारच्या दादींनी कठड्यावरून बोट फिरवलं, काळपट झालेलं ते बोट मला दाखवलं आणि विचारलं, "ये अपनी राख है, या वो अफ्रीकावाली?"

दोन दिवसांपूर्वी इथिओपियाच्या अफार भागात हायली गुब्बी हा ज्वालामुखी फुटला होता. माणसाच्या लिखित इतिहासात त्याच्या उद्रेकाची नोंद नव्हती. त्याची राख तांबडा समुद्र, येमेन, ओमान ओलांडून २४ तारखेला संध्याकाळी गुजरात-राजस्थानवर आणि रात्री दिल्लीवर पोहोचली. काही विमानं रद्द झाली. नागपूर त्या वाटेवर नव्हतं. पण ढगाची वाट आपल्याला एवढी ठामपणे सांगता यायला लागली ती कधीपासून, हे त्या प्रश्नामुळे शोधावंसं वाटलं.

ज्वालामुखीचं वाचन नागपुरात जुनंच आहे. सीताबर्डीचा किल्ला उभा आहे तो बेसॉल्टच्या टेकडीवर. म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हावर. जरीपटक्यापासून फार लांब नसलेल्या टाकळीला रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी १८५०च्या दशकात लाव्हाच्या थरांमध्ये दबलेल्या गाळात गोड्या पाण्यातल्या शंखशिंपल्यांचे जीवाश्म शोधले. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात इथं तळी भरली होती, हे त्या शंखांनी सांगितलं.

दूरच्या राखेचा पुरावा मात्र पुणे जिल्ह्यात आहे. कुकडी नदीकाठच्या बोरी गावाजवळ नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडतो आणि त्याच्या सोबतीला अश्मयुगीन हातकुऱ्हाडी. डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू, शीला मिश्रा, रवी कोरिसेट्टर यांनी त्यावर काम केलं. ही राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची. पण तो ७४ हजार वर्षांपूर्वीचा महाउद्रेक, की त्याआधीचा लाखो वर्षं जुना? यावर अभ्यासकांत वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता, कारण त्या हातकुऱ्हाडींचं वय त्यावर टांगलेलं आहे. राखेचा मूळ पत्ता सांगतात तिच्यातले काचेचे बारीक कपचे. 'राख' हा शब्दच इथं फसवा आहे. यात काही जळलेलं नसतं. फुटलेला खडक आणि झटक्यात थिजलेली काच असते.

उडत्या राखेचा माग माणसानं पहिल्यांदा जगभर घेतला तो क्राकाटोआ ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर. ऑगस्ट १८८३मधल्या त्या स्फोटाची हवेतली लाट मुंबईच्या वायुभारमापकानंही टिपली. सप्टेंबरात मद्रासला सूर्य हिरवा दिसू लागला. कुठल्या गावी, कुठल्या तारखेला सूर्याचा रंग बदलला याच्या नोंदी जुळवल्या, तेव्हा धुराचा एक पट्टा विषुववृत्तालगत पश्चिमेकडे सरकत सुमारे दोन आठवड्यांत पृथ्वीला वळसा घालून आल्याचं उमगलं. उंचावरचा वारा कुठं वाहतो हे तेव्हा कुणाला नीट माहीत नव्हतं. रंगीत सूर्य पाहून ते लिहून ठेवणाऱ्या अनेकांनी तो वारा शोधला. मला या सगळ्या कहाणीत तीच माणसं सर्वात जवळची वाटतात.

पुढची शंभर वर्षं राख हा भूगर्भशास्त्राचाच विषय राहिला. २४ जून १९८२च्या रात्री लंडनहून निघून मुंबईमार्गे गेलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या फ्लाइट ९ची चारही इंजिनं इंडोनेशियात गालुंगगुंगच्या राखेत बंद पडली. विमानाच्या रडारला पावसाचे थेंब दिसतात. कोरडी राख दिसलीच नाही. इंजिनाच्या उष्णतेत काच वितळून पात्यांवर चिकटली. खाली आल्यावर इंजिनं पुन्हा सुरू झाली आणि विमान जकार्ताला उतरलं. त्यानंतरच्या दशकात जगाचं आकाश नऊ राख-सूचना केंद्रांमध्ये वाटलं गेलं. हायली गुब्बीच्या वेळी सूचना येत होत्या त्या फ्रान्समधल्या तुलूझच्या केंद्राकडून.

उपग्रहाला राख ओळखायची युक्ती मिळाली ती १९८९मध्ये, फ्रेड प्राटा यांच्याकडून. जमिनीची उष्णता ढगातून वर येताना गाळली जाते. सुमारे ११ आणि १२ मायक्रॉन अशा दोन तरंगलांबींवर तापमान मोजा. पाण्या-बर्फाच्या ढगात पहिलं जास्त भरतं. राखेत उलट, दुसरं. वजाबाकीचं चिन्ह फिरलं की राख! आपल्या इन्सॅट-३डी मालिकेच्या उपग्रहांवर हे दोन्ही पट्टे आहेत. हवेत बाष्प फार असलं किंवा राख फार दाट असली की ही वजाबाकी चुकते, म्हणून सल्फर डायऑक्साइडचा ढगही वेगळा पाहावा लागतो. तो अतिनील प्रकाशात दिसतो.

जमिनीवरची मोजणी हे अगदी निराळं घराणं. नागपूरच्याच नीरी या संशोधन संस्थेनं १९७८पासून देशातल्या दहा शहरांची हवा मोजायला घेतली. आज हवा मोजणाऱ्या केंद्रांवर गाळणीच्या फितीवर धूळ बसते, तिच्यातून बीटा किरण किती अडले यावरून वजन निघतं. वजन कळतं, धूळ कुणाची हे कळत नाही. उपग्रहाला जात कळते, पण ती खाली आपल्या नाकापर्यंत आली का, हे सांगणं त्याला अवघड. त्या नोव्हेंबरात राख विमानांच्या उंचीवरूनच गेली.

दादींच्या कठड्यावरची धूळ मी कागदाच्या पुडीत घेतली आणि एका ओळखीच्या प्राध्यापकांच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. बहुतेक माती. थोडी काजळी. आणि मधूनच गुळगुळीत, गोल, काचेचे मणी. वीजकेंद्राच्या भट्टीत कोळसा जळताना त्यातली खनिजं वितळून थेंब होतात आणि तसेच थिजतात. ज्वालामुखीच्या काचेला धारदार कडा असतात. तसा एकही कण नव्हता.

"अपनी ही है," मी दादींना येऊन सांगितलं. त्यांनी पापडांवर पांढरी मलमल ओढून घेतली.