कादंबरीतला मुसलमान कोणती भाषा बोलतो?

17 सप्टेंबर 1948 पर्यंत हिंगोलीवर निजामाची राजवट होती. कचेरीची भाषा उर्दू. त्या काळावर मराठी कादंबरी लिहायची तर जुने उर्दू कागद वाचून घ्यावेच लागतात. पण कागदावरची उर्दू गावातल्या मुसलमान शेतकऱ्याच्या तोंडी घातली, की तो आपल्याच शिवारात परका दिसतो. त्याची बोली दखनी. तिच्यातला 'नक्को' आणि 'ऐसाच'मधला 'च' मराठीतूनच आलेले. म्हणून माझे म्हणणे एवढेच: तहसीलदाराचा हुकूम उर्दूत असू द्या, शेतकऱ्याचे बोलणे दखनीत. कंसात अर्थ देऊ नका. शेजाऱ्याच्या मराठी उत्तरातून तो कळतो. दोघांचा संवाद पिढ्यान्‌पिढ्या असाच चालत आला आहे. तो दप्तरात सापडत नाही, आठवडी बाजारात ऐकावा लागतो.