उपमा, रूपक आणि दाराचा खिळा

इंग्रजी वाक्यात ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ दिसले की उपमा, न दिसले तर रूपक, एवढी खूणगाठ आपली मुले शाळेत बांधतात. ती खोटी नाही, पण अपुरी आहे.

हा भेद मूळचा ग्रीकांचा. ॲरिस्टॉटलने ‘ऱ्हेटोरिक’च्या तिसऱ्या भागात अकिलीसचे उदाहरण घेतले आहे. तो सिंहासारखा झेपावला म्हटले तर उपमा. त्यालाच सिंह म्हटले तर रूपक. इसवी सनाच्या पहिल्या शतकात क्विंटिलियनने रूपकाला आखूड केलेली उपमा म्हटले. आपल्याकडे दण्डीनेही ‘काव्यादर्शा’त, उपमेतला भेद झाकला की रूपक होते, असे सांगितले आहे. पुढे १५८९ साली जॉर्ज पटनमने ‘द आर्ट ऑफ इंग्लिश पोएझी’त ग्रीक अलंकारांना इंग्रजी नावे दिली. मेटाफर हा त्याच्या लेखी ‘ट्रान्सपोर्ट’चा अलंकार, म्हणजे शब्द एका घरून उचलून दुसऱ्या घरी नेणे.

वाक्प्रचार या वंशावळीत बसत नाही. ‘इडियम’चे मूळ ग्रीक ‘इडिओस’, म्हणजे स्वतःचे. उपमा एकटा कवी रचू शकतो. वाक्प्रचार समाजाने वापरून रूढ करावा लागतो. ‘किक द बकेट’चा अर्थ मरणे, अशी नोंद फ्रान्सिस ग्रोसने १७८५ च्या आपल्या कोशात केली. लाथ आणि बादली यांची कितीही बेरीज केली तरी मरण हाती येत नाही. आपल्या ‘हातावर तुरी देणे’चेही तसेच.

आता ‘डेड ॲज अ डोअरनेल’ घ्या. ही तुलना चौदाव्या शतकातल्या इंग्रजी काव्यात आढळते. ‘अ ख्रिसमस कॅरल’ (१८४३) मध्ये डिकन्सचा निवेदक आरंभीच ती वापरतो आणि अडखळतो: दाराच्या खिळ्यात असे काय मेलेले? शवपेटीचा खिळा अधिक शोभला असता! तरी पूर्वजांचे शब्द तो बदलत नाही. ‘ॲज’मुळे रूप उपमेचे, पण साम्य विसरले गेले आणि शब्द गोठले, म्हणून तो वाक्प्रचारही.

तेव्हा दोन प्रश्न विचारा. तुलनेचा शब्द आहे का? त्यावरून उपमा आणि रूपक वेगळे होतात. एखादा शब्द बदलला तर चालते का? चालत नसेल, तर तो बहुधा वाक्प्रचार.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. होमिओपॅथीत रुग्णाचे शब्द जसेच्या तसे टिपावेत, असे हानेमानने ‘ऑर्गनॉन’मध्ये सांगितले आहे. ‘कपाळाला पट्टा आवळल्यासारखे वाटते’ ही उपमा कोणत्याही भाषेत पोहोचते. पण आजी म्हणाली, ‘पोटात गोळा आला’, तर परभाषिक डॉक्टर पोट चाचपील. ती घाबरली आहे, हे सोबतच्या नातवाला कळायला हवे. आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या भाषांच्या शेजारात राहणाऱ्या घरांत वाक्प्रचार बोलते राहिले, तरच ते त्याला कळेल.