मोजलेली बेकारी

वारणेच्या दक्षिणेस, पुणे-बंगळूर हमरस्त्यापासून थोडी आत वसलेली पेठ वडगाव इतिहासाच्या वाचकाला सेनापती धनाजी जाधवांच्या समाधीमुळे ठाऊक असते आणि आसपासच्या शेतकऱ्याला जनावरांच्या बाजारामुळे. त्यामुळे देशातील रोजगार आणि बेकारी यांचा जो टक्का अलीकडे दर महिन्याच्या मध्यास दिल्लीहून जाहीर होतो, त्याच्या पूर्वजांचा शोध या पेठेपासून आरंभणे कोणाला चमत्कारिक वाटल्यास नवल नाही. परंतु त्या टक्क्याच्या मुळाशी ज्या दोनतीन कल्पना आहेत, त्यांपैकी एक, म्हणजे कोणाला काम मिळाले याचा हिशेब ठरावीक मुदतीने लेखी सादर झाला पाहिजे ही, ज्या करवीर (कोल्हापूर) राज्यात वडगाव मोडत होते त्या राज्यात फार पूर्वी सरकारी हुकमाच्या रूपाने अवतरली होती.

त्याआधीची स्थिती निराळी होती. १७०८ साली धनाजी वडगावास वारले, त्या काळी दसऱ्यास मुलुखगिरीवर निघावे आणि पावसाळ्यात छावणी करावी किंवा घरची शेती पाहावी, असा शिपाईगिरीचा मोसमी क्रम असे. स्वारांची हजिरी घेतली जाई ती केवळ द्यावयाच्या पैशासाठी, आणि जो घरी रिकामा बसला त्याची गणती करण्याचे दरबारास काही कारण नव्हते. बेकार माणूस तेव्हाही होताच. तो दप्तरात मात्र नव्हता.

२६ जुलै १९०२ रोजी, शाहू छत्रपती सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेस गेलेले असताना, करवीर सरकारच्या गॅझेटात तो सुप्रसिद्ध हुकूम प्रसिद्ध झाला, ज्याने रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा पन्नास जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. या हुकमाचा पहिला भाग सर्वांच्या तोंडी आहे. अखेरच्या कलमाकडे मात्र, माझ्या मते, पुरेसे लक्ष गेलेले नाही. हुकमानंतर केलेल्या सर्व नेमणुकांचे पत्रक प्रत्येक खात्याच्या प्रमुखाने दर तीन महिन्यांनी सादर करावे, असे ते कलम आहे. हुकूम काढणे सोपे आणि तो दप्तरात जिरवणे त्याहून सोपे, हे ज्याने कारकुनी राज्य आतून पाहिले होते त्यालाच अशी तरतूद सुचावी. या पत्रकात नेमलेल्यांची नोंद होती, वंचितांची नव्हती, हे खरे. तथापि रोजगाराचा आकडा ठरल्या मुदतीने मागावयाचा आणि तो मागावयाचा कारण आपल्या हातात देण्याजोगे काही आहे, हे दोन्ही धागे येथे एकत्र आलेले दिसतात.

बेकारांची गणती करण्याची निकड पुढे जगभर मंदीने निर्माण केली. अमेरिकेत १९३७ साली सरकारने टपालाने घरोघर कार्डे पाठवून बेकारांनी ती स्वतः भरून धाडावीत अशी योजना केली. तिची पडताळणी म्हणून काही निवडक भागांत माणसे दारोदार पाठविली, तेव्हा कार्ड न धाडणारे बेकारही पुष्कळ आढळले. आपण होऊन पुढे येणाऱ्यांची संख्या म्हणजे बेकारांची संख्या नव्हे, हा बोध त्यातून झाला आणि १९४० पासून तेथे निवडक कुटुंबांना दरमहा एका विशिष्ट आठवड्याविषयी प्रश्न विचारण्याची प्रथा पडली. आजच्या मासिक टक्क्याचे थेट कुळ हेच. नेमक्या याच सुमारास, १९३६-३७ मध्ये, धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेचे लोक पुण्याच्या पेठांतून निवडक कुटुंबांची कामधंद्याची माहिती टिपत हिंडत होते, ही गोष्ट आपल्याकडील अभ्यासकांनी अभिमानाने सांगावी अशी आहे. मात्र ते एका शहराचे एक चित्र होते, दरमहा हालणारा काटा नव्हे.

तो काटा आपल्याकडे आला तो दुसऱ्या महायुद्धाच्या पाठीवर. लढाई संपताना फौजेतून मोकळ्या होणाऱ्या शिपायांना मुलकी जीवनात बसवावयाचे कसे या चिंतेतून जुलै १९४५ मध्ये सरकारने एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजे काढली, आणि १९४८ च्या आरंभी त्यांचे दार सर्व उमेदवारांना उघडले. शिपाईगिरी हा ज्या मुलखाचा पिढीजात पेशा, त्या कोल्हापूर-साताऱ्याकडच्या घरांना या कचेरीचे महत्त्व निराळे सांगावयास नको होते. पुढे रिकाम्या जागा या कचेऱ्यांना कळविणे मालकांवर बंधनकारक करणारा १९५९ चा कायदा १ मे १९६०, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या जन्मदिनीच, अमलात आला. योगायोग, पण नोंदविण्याजोगा. त्याच कायद्याने मालकांना नोकरांच्या संख्येचे त्रैमासिक पत्रकही लागू झाले, आणि शाहू छत्रपतींनी खातेप्रमुखांना घातलेली अट अशा रीतीने गिरणी-कारखान्यांच्या दारी आली.

या कचेऱ्यांच्या चालू नोंदपटावर महिनाअखेर किती नावे उरली, हा आकडा कित्येक वर्षे देशातील बेकारीचा मासिक आकडा म्हणून वापरला गेला. त्याचे दोष उघड होते. पट्टीच्या उमेदवाराने मॅट्रिक होताच नाव घालावे, कार्डाचे नूतनीकरण चुकू देऊ नये, कोठे तात्पुरते चिकटला तरी नाव काढू नये आणि ‘कॉल’ची वाट पाहावी, हा शहाणपणाचा मार्ग होता, तेव्हा पटावर कामावर असलेलेही असत. उलट उसाच्या फडात पाला काढणारी बाई शेतात काम नसलेल्या दिवसांत या कचेरीची पायरी कशाला चढेल? तिला द्यावयाची नोकरी तेथे नव्हती. पटावर जे येत त्यांना कचेरीत काही मिळण्याची आशा असे. आशा नसलेला माणूस गणतीबाहेर राही.

म्हणून प्रश्न घेऊन माणसाच्याच दारी जाणे आले. १९५० मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस यांच्या प्रेरणेने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, तिच्या पहिल्याच फेरीच्या सामग्रीचा एक भाग पुण्याच्या गोखले संस्थेकडे सोपविलेला होता आणि त्यावरील अहवाल वि. म. दांडेकरांनी लिहिला. १९५५ पासून या पाहणीत रोजगाराचे प्रश्न आले, पण उत्तरांची संगती लागेना. कारण युरोपातील गिरणीकामगार एक तर कामावर असतो किंवा नसतो, आपल्याकडचा कुणबी मात्र एकाच महिन्यात दोन्ही असतो. बेकारीचे अंदाज तपासण्यासाठी नियोजन मंडळाने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष, मुंबई विद्यापीठाचे प्राध्यापक दांतवाला, यांनी १९७० मध्ये निर्भीडपणे सांगून टाकले की देशातील सगळी बेकारी एकाच आकड्यात गोळा करण्याचा हट्ट सोडावा. त्यातून १९७२-७३ च्या सत्ताविसाव्या फेरीत तीन मापे आली: वर्षभराची सर्वसाधारण स्थिती, मागील सात दिवसांची स्थिती आणि त्याच सात दिवसांतील दर दिवसाची स्थिती.

या मापांचा खेळ वडगावच्या शिवारात नीट कळतो. गुऱ्हाळघरावर हंगामभर राबलेला गडी चुलवाण विझल्यावर उन्हाळ्यात रिकामा झाला, तरी वर्षाच्या मापाने तो रोजगारीच. आठवड्याच्या मापाने, सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी एक तास जरी त्याने भांगलण केली असेल तरी रोजगारी. दिवसाच्या मापाने मात्र आठवड्याचे चौदा अर्धे दिवस करून, चार तास वा अधिक काम झाले तर पुरा दिवस आणि त्याहून कमी पण निदान तासभर झाले तर अर्धा दिवस, असा जमाखर्च मांडावयाचा. माणूस तोच, आठवडा तोच. मापागणिक त्याची जात बदलते. आणि घरच्या म्हशींची धार काढून दूध डेअरीला घालणारा, मधल्या वेळात पोलीस भरतीच्या मैदानावर धावणारा बी. ए. झालेला मुलगा? तो घरच्या धंद्यात बिनपगारी मदतनीस, म्हणून रोजगारी. त्याला तसे सांगून पाहावे.

ज्या वर्षी ही तीन मापे देशभर प्रथम फिरत होती, ऑक्टोबर १९७२ ते सप्टेंबर १९७३, तेच महाराष्ट्राच्या भीषण दुष्काळाचे वर्ष होते, आणि येथे बेकारी मोजण्याची चौथीच तऱ्हा प्रचारात येत होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेने १९६५ मध्ये वारणेपलीकडच्या तासगाव तालुक्यात जिचा प्रयोग झाला ती रोजगार हमी योजना १९७२ मध्ये राज्यभर लागू झाली. तिचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून, आणि तिच्या खर्चासाठी नोकरदारांवर बसविलेला व्यवसाय कर १९७५ चा. या योजनेत कोणी बेकार आहे काय असे कोणी विचारीत नसे. ज्याला काम हवे त्याने मागावे, पंधरा दिवसांत सरकारने ते द्यावे, आणि मुकादमाच्या हजेरीपत्रकावर नाव चढले की त्या दिवसाचा बेकार मोजला गेला आणि त्याच शाईने तो कमी झाला. खडी फोडायला आलेल्यांच्या संख्येइतका प्रामाणिक बेकारीअंक मला दुसरा ठाऊक नाही, कारण भर उन्हात खोटी मागणी करायला कोणी येत नाही. अर्थात शिकलेला बेकार त्यात कधी आला नाही, हेही खरेच.

दिल्लीचा आकडा पुढे दीर्घकाळ सुमारे पाच वर्षांनी एकदा येत राहिला. १९७७-७८, १९८३ असे करीत २०११-१२ पर्यंत तो आला आणि मग खंड पडला. त्या पोकळीत २०१६ पासून मुंबईच्या सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमी या खासगी संस्थेने मुंबई शेअर बाजाराच्या साहाय्याने आपला आकडा झपाट्याने द्यावयास आरंभ केला. शासनाची आवर्ती श्रमबल पाहणी एप्रिल २०१७ मध्ये सुरू झाली. २०१७-१८ चा तिचा पहिला वार्षिक अहवाल मे २०१९ मध्ये निघाला, तेव्हा वर्षाच्या मापाने ६.१ आणि आठवड्याच्या मापाने ८.९ असे दोन टक्के एकाच देशाविषयी एकाच पुस्तकात होते. दांतवालांना त्यात काहीच वावगे वाटले नसते.

जानेवारी २०२५ पासून पाहणीचा आराखडा बदलला. जिल्हा हा निवडीचा मूळ घटक झाला, वर्षाला सुमारे पावणेतीन लाख कुटुंबे घेण्याचे ठरले, निवडलेल्या घरी लागोपाठ चार महिने चार फेऱ्या करावयाच्या आणि मग ते घर सोडावयाचे असा दंडक पडला, आणि १५ मे २०२५ रोजी एप्रिलचे पहिले मासिक पत्रक निघाले: पंधरा वर्षांवरील श्रमबलात बेकारी ५.१ टक्के, ग्रामीण ४.५, नागरी ६.५, माप सात दिवसांचे. लगेच मे महिन्यात टक्का ५.६ झाला आणि वृत्तपत्रांत चर्चा उसळली. रब्बीची मळणी संपून मृगाची वाट पाहणारा मे महिना आणि एप्रिल यांची तुलना करताना पंचांग जवळ ठेवावे लागते हे वडगावच्या बाजारात जनावर विकायला आणणाऱ्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. नोव्हेंबरात, कारखान्यांचे गाळप सुरू होऊन फडांत कोयते चालू लागतात त्या महिन्यात, टक्का ४.७ पर्यंत उतरला. त्याला देशभरातील इतर कारणेही असतील, पण मोसमाची वजावट न केलेला आकडा मोसमाप्रमाणेच चालणार.

जुन्या पत्रकांत आणि या नव्या पत्रकात एक भेद मात्र मूलभूत आहे. करवीर दरबार पत्रक मागत होता कारण तो जागा देत होता. एक्स्चेंज नाव लिहीत होते कारण कॉल काढीत होते. मुकादम हजेरी मांडीत होता कारण आठवड्याने मजुरी वाटावयाची होती. पाहणीचा अधिकारी चार वेळा येतो, विचारतो आणि जातो. त्याच्याजवळ देण्यासारखे काही नसते, आणि म्हणूनच त्याच्यापुढे खोटे बोलण्यातही कोणाचा लाभ नसतो. त्याच्या मासिक पत्रकातला टक्का साऱ्या देशाचा असतो, मोठ्या राज्यांचे आकडे तिमाहीला मिळतात, आणि वडगाव ज्यात मोडते त्या हातकणंगले तालुक्यात या महिन्यात कितीजण रिकामे आहेत हे त्यांपैकी कोणत्याच पत्रकात सापडत नाही.