मॅकिन्से नावाचा हिशेबनीस

कन्सल्टंट म्हणजे तुमचंच घड्याळ मागून घेऊन तुम्हाला वेळ सांगणारा माणूस, हा विनोद आपण सगळ्यांनीच ऐकलाय. पण मंडळी, ज्या मॅकिन्सेच्या नावाने आज कंपन्या दबकून असतात, तो मूळचा अकाउंटिंगचा मास्तर होता!

जेम्स मॅकिन्से शिकागो विद्यापीठात शिकवायचा. हिशेब म्हणजे झालं-गेलं ते लिहून ठेवणं, असा तेव्हाचा सर्वसाधारण समज. १९२२ साली त्याने 'बजेटरी कंट्रोल' हे पुस्तक लिहिलं. म्हणणं साधं होतं: आकडे पुढचं ठरवायला वापरा. १९२६ मध्ये त्याने स्वतःची फर्म काढली. तिथे कुठल्याही कंपनीचा अभ्यास एका ठरलेल्या यादीप्रमाणे व्हायचा. आधी त्या धंद्याची एकूण स्थिती, मग स्पर्धेत कंपनी कुठे आहे, आणि त्यानंतर आतला कारभार. म्हणजे घरात शिरण्याआधी सगळी गल्ली फिरून यायची.

१९३५ मध्ये शिकागोच्या मार्शल फील्ड या बड्या कंपनीने त्याला बोलावलं. दुकान नावाजलेलं, पण होलसेल विभाग तोट्यात. गंमत म्हणजे याच होलसेलवर कंपनी मोठी झाली होती आणि त्यासाठी १९३० साली मर्चंडाइज मार्ट ही अजस्र इमारतही बांधली होती. आतल्या माणसांना तो विभाग म्हणजे घराण्याची अब्रू वाटणारच. पण छोटे दुकानदार आता थेट कारखान्यातून माल घेऊ लागले होते, शिवाय चेन स्टोअर्स वाढत होती. मॅकिन्सेने सांगितलं, होलसेल बंद करा.

संचालक म्हणाले, मग तुम्हीच या आणि करा. आणि तो चक्क चेअरमन झाला!

इथून गोष्ट फिरते. होलसेल आवरताना शेकडो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. अहवालात जो खर्चाचा आकडा होता, तो आता समोर येऊन उभा राहत होता. सल्ला देण्यापेक्षा निर्णय घेणं कितीतरी अवघड, असं त्याने सहकाऱ्याला बोलून दाखवल्याचं सांगतात. नोव्हेंबर १९३७ मध्ये न्यूमोनियाने तो गेला, अवघ्या ४८व्या वर्षी.

त्याचं गणित चुकलं होतं असं मला वाटत नाही. दुकान त्याच नावाने २००६ पर्यंत चाललं. बाहेरच्या माणसाला खरं दिसतं, कारण त्याचं तिथे काही अडकलेलं नसतं. पण त्याच कारणाने, त्या खऱ्याची किंमत कोण मोजणार हे त्याला दिसत नाही. म्हणून सल्ला जरूर बाहेरच्याचा घ्यावा. तो अमलात आणताना मात्र आतल्या माणसाने खुर्ची सोडू नये.

असो. पुढच्या वेळी कोणी घड्याळ मागितलं तर देऊन बघा. कदाचित ते मागे पडलेलं असेल.