सापाच्या ताटातलं गांडूळ: एक नाव, दोन इतिहास

आजचा विषय ऐकून काही जण नाक मुरडतील, पण थोडं थांबा. आज बोलायचंय गांडुळांबद्दल. शेतीतल्या नाही, तर पाळीव सापाला खाऊ घालण्यासाठी घरात ठेवलेल्या गांडुळांबद्दल.

आधी साप कोणता ते सांगतो. अमेरिका आणि कॅनडात गार्टर साप हा बऱ्याच जणांचा पहिला पाळीव साप असतो. बारीक, अंगावर लांब पट्टे, माणसाला धोका नसलेला. आपली नानेटी पाहिली असेल तर अंदाज येईल. दोघं एकाच उपकुळातले. मात्र आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे देशी साप पाळता येत नाहीत, त्यामुळे ही गोष्ट मुळात तिकडचीच आहे.

गार्टर सापाला गांडूळ आवडतं, आणि ही आवड शिकवावी लागत नाही. १९६०च्या दशकात गॉर्डन बर्गहार्ट या अमेरिकन संशोधकाने नुकत्याच जन्मलेल्या, एक घासही न खाल्लेल्या पिल्लांसमोर वेगवेगळ्या भक्ष्यांच्या अर्कात बुडवलेले कापसाचे बोळे धरले. गांडुळाचा अर्क असला की पिल्लं भराभर जीभ बाहेर काढायची आणि चक्क बोळ्यावर झडप घालायची. गांडूळ म्हणजे अन्न, हे ती पोटातूनच शिकून आलेली.

आता गंमत बघा. उत्तर अमेरिकेचा मोठा भाग हिमयुगात बर्फाखाली होता. बर्फ मागे हटला सुमारे दहा-बारा हजार वर्षांपूर्वी, तेव्हा तिथल्या जमिनीत गांडुळं जवळजवळ उरलीच नव्हती. आज कॅनडात जे जाडजूड गांडूळ दिसतं, लुम्ब्रिकस टेरेस्ट्रिस, ज्याला तिकडे नाइटक्रॉलर म्हणतात, ते युरोपियन वसाहतवाल्यांबरोबर आलं. रोपांच्या मुळांच्या मातीतून, जहाजांच्या तळाशी वजनासाठी भरलेल्या मातीतून. दक्षिणेकडे देशी गांडुळं टिकून होती, त्यामुळे सापाची आवड जुनीच असावी असा माझा अंदाज आहे. पण उत्तरेकडच्या सापाच्या ताटात पडलेलं हे गांडूळ फार तर काही शतकांचं पाहुणं आहे.

गांडुळं घरात ठेवायची कल्पना तशी जुनी. सगळ्यात प्रसिद्ध गांडूळपालक म्हणजे चार्ल्स डार्विन! त्याने कुंड्यांत गांडुळं ठेवली, त्यांना कोबी, गाजर, सेलरी, कांदा घालून काय आवडतं ते पाहिलं. त्यांना ऐकू येतं का हे तपासायला मुलाने बासून वाजवलं. गांडुळांनी ढिम्म दाद दिली नाही. कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवल्यावर मात्र थरथर जाणवून ती बिळात शिरली. हे सगळं त्याच्या १८८१ च्या पुस्तकात आहे. गांडूळ म्हणजे शेतकऱ्याचा मित्र, हे आपण शाळेत शिकतो, त्यामागे हे काम आहे.

विसाव्या शतकात मात्र गांडुळांचे दोन वेगळे धंदे उभे राहिले, आणि सापवाल्यांची पंचाईत इथेच सुरू होते.

पहिला धंदा मासे पकडायच्या आमिषाचा. त्यासाठी नाइटक्रॉलर हवा. पण तो खोल बिळात राहतो, त्याला गारवा लागतो, आणि वयात यायला साधारण वर्ष लागतं. शेती करून परवडत नाही. म्हणून कॅनडातल्या ओंटारियोत तो आजही रात्री शेतातून हाताने वेचतात. डोक्याला दिवा, पायाला बांधलेले डबे, आणि ओल्या जमिनीवर तासन् तास वाकून काम. हे काम बहुतेक स्थलांतरित मजुरांनी केलं. पुढे त्यांत व्हिएतनाममधून आलेली कुटुंबंही होती.

दुसरा धंदा खताचा. त्यासाठी आयसेनिया फेटिडा, म्हणजे रेड विगलर. हे डब्यात, कचऱ्यात, गर्दीत मजेत राहतं आणि भराभर वाढतं. १९८२ साली मेरी ॲपलहॉफ या अमेरिकन शिक्षिकेचं घरगुती कचऱ्यावर गांडुळं पाळण्याचं पुस्तक आलं आणि ते खूप लोकप्रिय झालं. आपल्याकडच्या गांडूळखतातही बहुतेक वेळा हेच असतं.

आता सापवाला विचार करतो: वा! डबा ठेवू, भाजीची सालं घालू, सापाला बारमाही जेवण. पण फेटिडा या नावाचाच अर्थ दुर्गंधी. डिवचलं की हे गांडूळ पिवळसर, घाणेरड्या वासाचा द्रव सोडतं. १९९०च्या दशकात जपानी संशोधकांनी या गांडुळाच्या शरीरद्रवातल्या एका प्रथिनाचा अभ्यास केला. नाव लायसेनिन. ते पेशीच्या आवरणातल्या एका विशिष्ट मेदाला चिकटतं आणि तिथे भोक पाडतं. हा मेद पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या पेशींत असतो, म्हणजे सापाच्याही. गार्टर साप पाळणारे नवख्याला पहिली ताकीद हीच देतात: रेड विगलर घालू नका, साप ओकतो, आजारी पडतो.

थोडक्यात, सहज पाळता येतं ते सापाला चालत नाही, आणि सापाला चालतं ते सहज पाळता येत नाही. आम्हा प्रोग्रॅमर लोकांना हा प्रकार ओळखीचा आहे: व्हेरिएबलचं नाव एक, आत माल वेगळाच.

म्हणून जाणते लोक नाइटक्रॉलर वाढवत नाहीत, नुसते सांभाळतात. थंड जागी किंवा फ्रीजमध्ये, ओलसर नारळाच्या भुश्यात किंवा पानांच्या कुजलेल्या मातीत, खायला सुकी पानं आणि थोडं मक्याचं पीठ. आणि औषध फवारलेल्या हिरवळीवरून उचललेलं गांडूळ सापाला कधीच द्यायचं नाही.

गांडुळं खाणारे साप आपल्या सह्याद्रीतही आहेत बरं का. खापरखवल्या! मातीत राहणारा, गरीब साप. पावसाळ्यात वाटेवर दिसला तर घरी आणू नका, वाटेतून बाजूला होऊन त्याला जाऊ द्या. त्याचं जेवण त्याच्या पायाखाली, म्हणजे पोटाखालीच आहे.

आपले बरेच श्रोते अमेरिका-कॅनडात आहेत. पोरांनी गार्टर सापाचा हट्ट धरलाच, तर दुकानात नुसतं ‘गांडुळं द्या’ म्हणू नका. कोणती, ते विचारा. डब्यावर शास्त्रीय नाव लिहिलेलं असेल तर वाचा, नसेल तर तो डबा घेऊ नका.

भेटू पुढच्या भागात.