हात लावू नकोस!

आमच्या पिढीचं यंत्रशिक्षण ‘हात लावू नकोस’ या एका वाक्यात सुरू झालं आणि तिथंच संपलं. रेडिओवर आईनं भरलेला रुमाल, शिवणयंत्रावर लाकडी टोप आणि दोहोंवर वडीलधाऱ्यांची नजर. संगणकाचं घराणंही तेच. त्याला स्वतंत्र खोली, खोलीत गारवा आणि दाराशी पहारा. तिथं पोराटोरांना कोण विचारतो?

विचारलं ते अमेरिकेत, सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९६७ साली त्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकाची भाषा तयार केली. पुढं तिच्या जोडीला जमिनीवर चालणारं यांत्रिक कासवही आलं. हुकूम टाइप करा, कासव चाललंच! पण टाइप करायचं तर अक्षरं यायला हवीत. म्हणजे बालवाडीतल्या पोरानं आधी स्पेलिंगं घोटायची आणि मग कासव हाकायचं. तोवर कासव शर्यत जिंकून घरी गेलेलं!

हा पेच रेडिया पर्लमन या एमआयटीतल्या विद्यार्थिनीनं १९७०च्या दशकाच्या मध्यास सोडवला. तिनं कीबोर्डच बाजूला ठेवला आणि बटणांची एक पेटी केली. बाण दाबला की कासव पुढं. मग खाचांचं यंत्र केलं. त्यात चित्रांचे पत्ते ओळीनं खोचायचे आणि बटण दाबायचं. झाला प्रोग्रॅम! वाचता न येणारी चिमुरडी संगणकाला कामाला लावू लागली.

याच पर्लमनबाईंनी १९८५ साली ‘स्पॅनिंग ट्री’ ही रीत शोधली. संगणकांच्या जाळ्यात निरोप गोलगोल फिरत राहू नयेत म्हणून ती जगभर वापरली गेली. पण पोरांचं काम त्यांनी मागंच सोडलं होतं. गोजिरवाण्या मुलांत रमणाऱ्या बाईला कोण शास्त्रज्ञ म्हणणार, असा संकोच वाटे, असं त्यांनी नंतर सांगितलं. मोठ्या माणसांच्या भिडेपायी मुलांचं किती नुकसान होतं, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

पुढं २०१२ साली जे सिल्व्हर आणि एरिक रोझेनबाउम यांनी ‘मेकी मेकी’ ही छोटी पाटी बाजारात आणली. एक तार हातात धरायची, दुसरी केळ्याला टोचायची. केळ्याला बोट लावलं की संगणकाला वाटतं, कळ दाबली! केळ्यांची रांग लावून पियानो वाजवा. भैरवी संपल्यावर वाद्य खाऊन टाकावं, ही सोय आमच्या हार्मोनियममध्ये नव्हती.

आणि पाटी नसली तरी काय अडलंय? कळ म्हणजे दोन तारांची भेट. जुन्या माउसच्या डाव्या बटणाखालच्या स्विचला दोन तारा जोडा. त्यांची दुसरी टोकं पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांवर चिकटवलेल्या फॉइलला लावा. मध्ये भोक पाडलेला स्पंज ठेवा. पोराचा पाय पडला की झालं क्लिक!

त्या पुठ्ठ्यावर नाचणाऱ्या पोराला विजेचं काही कळत नसतं. आपण पाय दिला आणि यंत्रानं ऐकलं, एवढंच त्याला कळतं. मला विचाराल तर एवढं पुरे. घरात आपलं कुणीतरी ऐकतंय, हे सुख मोठ्यांच्या तरी वाट्याला कुठं येतं?